आजेसासूबाईंना झालेली अटक

माझ्या सासऱ्यांच्या आईला मी अटक करवली, तेव्हा त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

हे वाक्य मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलं आहे, कारण कबुली दिली की मन हलकं होतं म्हणतात. माझं होत नाही. ऐकणारा आधी हसतो, मग "जाऊ द्या हो" म्हणतो आणि चहा मागवतो. मला चहा नको असतो. मला कुणीतरी एकदा व्यवस्थित झापायला हवं असतं. पण आमच्या सातारा-सांगलीकडं जावयाला कुणी झापत नाही. जावयाच्या हातून कपबशी फुटली तर त्या कपबशीतच काहीतरी खोट होती असं ठरतं, आणि जावयाला दुसरी, आधीपेक्षा चांगली कपबशी मिळते. अशा प्रदेशात अपराधी स्वभावाच्या माणसानं लग्न करू नये.

माझे सासरे सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. मी त्यांना मामा म्हणतो आणि सासूबाईंना मामी. दोघंही मूळचे माणदेशातल्या मेंढपाळ घरांतले. पेन्शन सुरू झाल्यावर मामांनी सांगलीत घर बांधलं, नदीपर्यंत सहज चालत जाता येईल अशा जागी. नदीलाही आपल्यापर्यंत सहज चालत येता येईल, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. एका पावसाळ्यात ती आली. "आमच्या गावाकडं हंडाभर पाण्यापायी दीस जायाचा," मामा नंतर सांगायचे, "आन हितं बिनबोलावता खाटंपतूर आलं."

त्या पाण्यात फोटोंचे सगळे अल्बम गेले. ते मामांच्या काळ्या लोखंडी ट्रंकेत होते. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव आणि हुद्दा लिहिलेला. मिलिटरीची ट्रंक, हिच्यात पाणी शिरत नाही, अशी मामांची खात्री होती. पाणी शिरलं, आणि ट्रंक खरोखरच पक्की असल्यामुळं पुन्हा बाहेर मात्र आलं नाही. पूर ओसरल्यावर आम्ही झाकण उघडलं तेव्हा आत लग्नं, बारशी, बदल्या सगळं एकत्र कालवलेलं होतं.

तरीही फोटो वाचले होते, आणि ते वाचवले होते माझ्या साडूंनी. विलासराव पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत. (मी साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. ही तुलना मी करत नाही, नातेवाईक करतात.) पुराच्या आधी केव्हातरी त्यांनी सगळे फोटो स्कॅन करून, सासू-सासऱ्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला भेट म्हणून, एक छोटासा प्रोग्रॅम बनवला होता. त्याचं नाव 'आठवण'. त्यावर दोनदा क्लिक केलं की लाल मखमली पडदा सरकायचा, सनई सुरू व्हायची आणि पान उलटावं तसा एकेक फोटो समोर यायचा.

सगळ्यात शेवटी यायचा मामांच्या आईचा फोटो. मामा भरती होऊन पहिल्या सुट्टीवर आले तेव्हा तालुक्याहून फोटोग्राफर बोलावला होता. आजी मेंढरं टाकून घरी यायला तयार होईनात, म्हणून शेवटी फोटोग्राफरच माळावर गेला. फोटोत आजींच्या काखेत एक कोकरू आहे, आणि त्या कॅमेऱ्याकडं न बघता कोकराकडं बघतायत. शेजारी नव्या गणवेशात ताठ उभ्या राहिलेल्या मामांचा अर्धा खांदा आणि एक बूट एवढंच आलंय. आजींचा आयुष्यातला हा एकच फोटो.

पुरानंतर दोघं साताऱ्याला, आमच्या पलीकडच्या गल्लीत राहायला आले. ("सातारा उंचावर हाय. हितं पाणी आलं तर मग समद्यांचंच आलं," असं मामांचं गणित.) मी माझा जुना कॉम्प्युटर त्यांना दिला आणि त्यात 'आठवण' घालून दिली. दिवाबत्ती झाली की मामा खुर्ची ओढून बसत. लाल पडदा, सनई, आणि शेवटी माळ. मग कॉम्प्युटर बंद. दुसरं काही बघायची त्यांना इच्छाच नसायची. पुढं कुणीतरी त्यांना इंटरनेट दाखवलं. (मीच दाखवलं.)

त्यानंतर मामा कशावरही क्लिक करू लागले. पेन्शन किती वाढली बघा. रिचार्ज फुकट घ्या. गुडघेदुखीवर एकच उपाय, हा तर त्यांनी खास मामींसाठी उतरवून घेतला. आयुष्य सैन्यात गेलेलं, हुकूम दिसला की पाळायचा. 'येथे दाबा' असं लिहिलेलं असलं की ते दाबत.

अशातच मामांची पंचाहत्तरी आली. खरी जन्मतारीख कुणालाच माहीत नाही. कागदावर शाळेतल्या मास्तरांनी घातलेली एक जून आहे. पण दोघी मुलींनी, म्हणजे माझी बायको सुषमा आणि तिची पुण्याची धाकटी बहीण रेखा यांनी, सोय बघून सव्वीस जानेवारी ठरवली. सगळ्यांना सुट्टी असते, आणि मामा तसेही त्या दिवशी पहाटेपासून कडक इस्त्रीत तयार असतात. कॉलनीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून 'आठवण' दाखवायची ठरली. मामांनी एकच मागणी केली.

"आईचा फोटू भिंतीयेवडा मोठा दिसू द्या. तिनं कवा आरशात सुदिक सोताला नीट बघितलं न्हाई."

हे ऐकून मला झोप लागेना. एवढं मोलाचं काम, आणि कॉम्प्युटर असा उघड्यावर. ऐन वेळी काही झालं तर? म्हणून मी अँटिव्हायरस विकत आणला. हेतू चांगला होता. माझ्या आयुष्यातली प्रत्येक चूक चांगल्या हेतूनंच सुरू झालेली आहे.

शनिवारी सुट्टी होती. मामांच्या घरी बसून मी तो कॉम्प्युटरमध्ये घातला आणि तपासणी सुरू केली. मामा शेजारी स्टुलावर बसले होते, पलटणीच्या इन्स्पेक्शनला बसावं तसे. हिरवी पट्टी सरकत सरकत गेली आणि अचानक लाल झाली. अँटिव्हायरसनं बऱ्याच जणांना पकडलं होतं. यादीत पहिलंच नाव 'आठवण'.

"काय गावलं?" मामांनी विचारलं.

"व्हायरस."

"कशात?"

मी पुन्हा वाचून खात्री केली. आणि आता सांगायलाच हवं: मला क्षणभर बरं वाटलं. "विलासरावांच्या प्रोग्रॅममध्ये," मी म्हणालो. आवाजात शक्य तेवढं दुःख आणलं होतं. स्वयंपाकघरातून मामींनी ते ऐकलं. मी चहा पिऊन कप खाली ठेवला तोवर पुण्याला कळलं होतं की थोरल्या जावयानं धाकट्या जावयाच्या भेटीत रोग काढला.

मामांना मात्र त्यातलं काही नको होतं. त्यांनी माऊस हातात घेतला आणि रोजच्या जागेवर क्लिक केलं. तिथं काहीच नव्हतं.

"आई कुठाय?"

मी समजावून सांगितलं. फाईल नष्ट झालेली नाही, विलगीकरणात आहे. अँटिव्हायरसला शंका आली की तो फाईलला वेगळ्या खोलीत कोंडतो, म्हणजे ती इतरांना अपाय करू शकत नाही. मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या. कोरोनात त्यांच्या भावाला शाळेत नेऊन ठेवलं होतं तसं का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. मामांनी मान हलवली.

"न्हाई. हे क्वार्टर गार्ड झालं."

क्वार्टर गार्ड म्हणजे गुन्हा केलेल्या जवानाला पलटणीत जिथं कोंडतात ती जागा. मामांनी नोकरीत कित्येकांना तिथं पाठवलं होतं आणि कित्येकांना सोडवलं होतं, त्यामुळं आता ते जाणकाराच्या आवाजात बोलू लागले. गुन्हा काय, त्यांनी विचारलं. संशय, मी म्हणालो. साक्षीदार कोण? कुणी नाही. चौकशी झाली का? नाही. मामा माझ्याकडं बघत राहिले. सुभेदारानं नव्या लेफ्टनंटकडं बघावं तसे, म्हणजे पूर्ण आदरानं.

"पाव्हणं, बिनचौकशीचं माझ्या आईला आत टाकलं व्हय?"

"आयुष्यभर मला त्या बाईनं धाकात ठिवलं," मामी खुर्चीत बसत म्हणाल्या. "माझ्यानं जे झालं न्हाई ते पाव्हण्यांनी येका शनवारी केलं."

मी माफी मागितली. उत्तरादाखल मामींनी मला धपाटे वाढले.

घाबरायचं कारण नाही, मी धपाटे खात म्हणालो. मूळ सीडी माझ्याकडं आहे. विलासरावांनी 'आठवण' ज्या सीडीवर दिली होती ती मी जपून ठेवली होती. घरी जाऊन कपाट पालथं घातलं. सुषमानं बोटानं बाल्कनी दाखवली. आमच्या बाल्कनीत कबुतरं फार. चमकणारं काही टांगलं की ती येत नाहीत असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून मी जुन्या सीड्या दोऱ्यानं टांगल्या होत्या. 'आठवण' मधोमध लटकत होती. उन्हापावसानं तिची चंदेरी बाजू पापुद्रे सुटून इतकी विरळ झाली होती की तिच्यातून समोरचा अजिंक्यतारा दिसत होता. वर एक कबूतर बसलं होतं.

"तुम्हीच टांगलीत," सुषमा म्हणाली. "मी म्हणाले होते, बघून टांगा."

आता विलासरावांना फोन करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ते शांत होते, आणि शांत साडू ही फार वाईट गोष्ट असते.

"ऐकलं मी," ते म्हणाले. "मी सासऱ्यांना व्हायरस भेट दिला म्हणे."

मी माफी मागितली. मग विचारलं की मूळ फोटो त्यांच्याकडं आहेत का. नव्हते. तो कॉम्प्युटर घर बदलताना भंगारात गेला, आणि एक प्रत सांगलीत, एक साताऱ्यात आहे म्हणून ते निर्धास्त होते. सांगलीची प्रत नदीनं नेली आणि साताऱ्याची कबुतरांनी. राहिली ती कोठडीतली.

"पण विलासराव, त्यात खरंच काही असेल का?"

"फोटो आणि सनई एकत्र गुंडाळायला मी एक जुनं फुकटचं सॉफ्टवेअर वापरलं होतं. तसल्या गाठोड्यावर अँटिव्हायरस उगाच भुंकतात, होतं असं. मी दिली तेव्हा फाईल स्वच्छ होती. तुमच्याकडं आल्यावर तिची संगत कशी होती, ते मला माहीत नाही."

मी पुन्हा माफी मागितली. त्यांनी फोन ठेवला. कार्यक्रमाला ते येतील का, हे विचारायचं राहून गेलं.

मग मी अँटिव्हायरस कंपनीला फोन लावला. होल्डवरचं संगीत बराच वेळ ऐकल्यावर एक बाई बोलल्या. त्या दमलेल्या होत्या, मीही दमलेलो होतो, त्यामुळं आमचं जमलं. त्या म्हणाल्या, आधी एक लक्षात घ्या, आत कोंडलेली फाईल सुखरूप असते, घाईनं डिलीट करू नका. पण निवांतही राहू नका, कारण महिनाभरानं ती आपोआप पुसली जाते. (हे ऐकून मी उभा राहिलो.) फाईल कुणी बनवली त्याला विचारा. विचारलं, मी म्हणालो, पण आता तो माझ्याशी बोलत नाही. मग आमच्याकडं तपासायला पाठवा, त्या म्हणाल्या. वाटेत कुणी चुकून उघडू नये म्हणून झिप करून, पासवर्ड लावून पाठवा. त्यांना फोनवर धरून, एकेक पायरी त्यांच्या हुकमानं, मी फाईल पासवर्डच्या पिशवीत बांधून माझ्या मेलवरून रवाना केली. मूळ फाईल पुन्हा आत गेली.

"आता उत्तर येईपर्यंत काही करू नका," बाई म्हणाल्या. "फाईल निर्दोष निघाली तर आधी अँटिव्हायरस अपडेट करा, मग फक्त ती एक फाईल सोडा. बाकीच्यांना हात लावू नका. आणि काहीही झालं तरी अँटिव्हायरस बंद करू नका."

इतका स्वच्छ सल्ला मला आयुष्यात मिळाला नव्हता. तो मी निम्मा पाळला.

उत्तर येईना. मामा रोज संध्याकाळी सवयीनं खुर्ची ओढून बसत आणि बंद कॉम्प्युटरकडं बघत. मी गेलो की विचारत, "चौकशी कुठवर आली?" मी म्हणे, चालू आहे. मामी ताट वाढत. त्या जानेवारीत माझं वजन वाढलं.

सव्वीस तारखेला सकाळी झेंड्याला सलामी देताना माझ्या खिशात फोन थरथरला. राष्ट्रगीत संपेपर्यंत मी हललो नाही. मग वाचलं. फाईल सुरक्षित आहे, चुकून पकडली गेली, दिलगीर आहोत. अँटिव्हायरस अपडेट करून फक्त ही फाईल परत घ्यावी. मी मामांकडं धावलो. ते कोटावर पदकं लावून उभे होते.

"मामा, आजी निर्दोष सुटल्या!"

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मी तिथंच थांबायला हवं होतं.

कॉम्प्युटर उचलून हॉलमध्ये आणला होता. मी माझ्या मोबाईलवरून त्याला इंटरनेट जोडून दिलं आणि अपडेट सुरू केलं. ते कोयनेच्या घाटात उसाचा ट्रक चढावा तसं चढू लागलं. खुर्च्या भरत आल्या होत्या. कॉलनीतले निवृत्त फौजी वेळेच्या आधी येतात. विलासरावही आले होते, आणि माझ्यापासून शक्य तितक्या लांब, शेवटच्या रांगेत बसले होते. मी अपडेट मध्येच सोडून दिलं आणि कोठडीची यादी उघडली. मामा पाठीमागं उभे होते.

"ही बाकीची कोण?"

"ते दुसरे, मामा. ते खरंच वाईट असणार."

"कशावनं?"

"अँटिव्हायरसनं पकडलेत."

"आईलाबी त्यानंच पकडलं हुतं."

मामा यादीवर बोट फिरवू लागले. पेन्शन. रिचार्ज. गुडघेदुखी. "ही गुडघेदुखी मी सोता आणलीया तुमच्या मामीसाठनं. हिनं काय केलं?" मग त्यांनी पाठ ताठ केली. "आज सव्वीस जानेवारी हाय. सरकार सुदिक आज कैद्यास्नी सूट देतंय. सोडा समद्यास्नी."

शहाण्या माणसानं नाही म्हटलं असतं. पण मी एकदा संशयावरून एका निरपराध वृद्धेला आत टाकलेलं होतं, आणि मला पुन्हा कुणावर अन्याय करायचा नव्हता. मी 'सर्व परत आणा' हे बटण दाबलं.

सगळे सुटले, आणि उंबरा ओलांडायच्या आत पहारेकऱ्यानं सगळ्यांना पुन्हा पकडलं, आजींसकट. अपडेट अर्धवट असल्यामुळं त्याला नवा निकाल कळलाच नव्हता. मी पुन्हा सोडले, त्यानं पुन्हा पकडले. सुषमा दारातून खुणा करत होती की लोक वाट बघतायत. तेव्हा मी पहारेकऱ्यालाच सुट्टी दिली. फक्त अर्ध्या तासाची. एवढ्यानं काय होतंय!

दिवे मालवले. लाल पडदा सरकला, सनई सुरू झाली, आणि हॉलभर समाधानाचा आवाज पसरला. मामा पहिल्या रांगेत उभेच होते, बसायला तयार नव्हते. पडद्यावर त्यांच्या लग्नाचा फोटो आला. मग भरतीच्या वेळचा. मग त्या भरतीच्या फोटोवर एक पिवळी चौकट उगवली: अभिनंदन, तुम्ही जिंकलात. पुढच्या खुर्चीवरच्या एका हवालदारांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचा भाग वाटला. मी चौकट बंद केली. तिच्या जागी दोन आल्या. पेन्शनमध्ये मोठी वाढ, येथे दाबा. सगळा हॉल सावरून बसला. मी तीही बंद केली. तेव्हा, भिंतीएवढ्या मोठ्या आकारात, एक तरुण बाई प्रकटल्या. ओठांना गडद लाली. त्यांच्या खाली मराठीतच लिहिलं होतं: तुम्ही एकटे आहात का?

त्या शांततेत मामींचा आवाज आला. "न्हाई. मी हाय की."

यानंतर मी काय काय दाबलं ते मला आठवत नाही. शेवटी गुडघेदुखीवरचा उपाय उघडला, सनई एकाच सुरावर अडकली, आणि भिंत काळी झाली. कुणीतरी दिवे लावले. मामा पदकं लावलेल्या कोटात भिंतीकडं तोंड करून तसेच उभे होते.

"आई यायची ऱ्हायली," ते म्हणाले.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. विलासराव आले. त्यांनी आधी माझा मोबाईल घेऊन इंटरनेट बंद केलं, मग कॉम्प्युटरची वायर उपटली, आणि मग, त्या फोननंतर पहिल्यांदाच, माझ्याकडं पाहिलं.

"पहारा तुम्ही बंद केलात?"

"हो."

"आणि सगळं बाहेर सोडलंत?"

"सव्वीस जानेवारी होती," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. या मशीनवर आता विश्वास नाही, ते म्हणाले, सगळं पुसून नव्यानं घालावं लागेल. आजींचा एकमेव फोटो त्या मशीनमध्ये होता, आणि त्याला बाहेर आणताना मीच त्याच्याबरोबर सगळी टोळी बाहेर काढली होती.

"थांबा," विलासराव म्हणाले. "कंपनीकडं फाईल तपासायला पाठवलीत, असं रेखा म्हणत होती. कशी पाठवली?"

"झिप करून. पासवर्ड लावून. माझ्या मेलवरून."

"मग ती तुमच्या मेलमध्ये अजून जशीच्या तशी असणार." त्यांनी पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप काढला. मी माझी मेल उघडून दिली. पाठवलेल्या पत्रांत ती होती, पिशवीत बांधलेली, निर्दोष. "पासवर्ड?"

मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि सांगितला.

"काय? मोठ्यानं बोला."

हॉल पूर्ण शांत होता. "सॉरी विलासराव," मी म्हणालो.

"ते नंतर. आधी पासवर्ड."

"हाच पासवर्ड आहे."

मागं रेखा हसली. विलासरावांनी कीबोर्डवर बोटं ठेवली. "जोडून की सुटं?" त्यांनी विचारलं. जोडून, मी म्हणालो. त्यांनी टाईप केलं. चेहरा तसाच होता, पण मिशीचा एक कोपरा हलला. त्यांच्या लॅपटॉपवरच्या पहारेकऱ्यानं, जो अपडेट केलेला होता आणि ज्याला कुणी सुट्टी दिलेली नव्हती, फाईल तपासली आणि जाऊ दिली.

पुन्हा दिवे गेले. पुन्हा लाल पडदा, पुन्हा सनई. लग्न, भरती, बदल्या, बारशी. या वेळी मध्ये कुणी बाई आल्या नाहीत. आणि शेवटी भिंतभर माळ पसरला. माळावर आजी, काखेत कोकरू. छतापर्यंत पोहोचलेल्या आजी कुणाकडंही बघत नव्हत्या.

सत्तरीच्या मामींनी झटकन पदर डोक्यावर घेतला आणि खुर्चीत सरळ बसल्या.

मामा बघत राहिले. मग ते शेजारच्या हवालदारांकडं वळले आणि फोटोच्या कडेला बोट दाखवून म्हणाले, "त्यो बूट माझा."

विलासरावांनी मामांचा कॉम्प्युटर पुसून पुन्हा उभा केला. फोटो आता साधे फोटो म्हणून वेगळे काढले आहेत आणि त्यांच्या प्रती पुण्यालाही आहेत, आमच्याकडंही. आजी मामांच्या भिंतीवर फ्रेममध्ये आहेत, जिथं त्यांना कुठलाही पहारेकरी पकडू शकत नाही. मामा अजूनही संध्याकाळी खुर्ची ओढतात, पण आता ती भिंतीकडं तोंड करून असते.

त्या दिवशी पंगत बसली तेव्हा मी मामींची माफी मागितली. मग मामांची, रेखाची, आणि सनई पुन्हा ऐकावी लागली म्हणून शेजाऱ्यांची. मामींनी माझ्या ताटात जिलेबी वाढली. मी पुन्हा माफी मागितली. त्यांनी आणखी एक वाढली, आणि मग जिलेबीचं ताट हातात धरून तशाच थांबल्या.

"पाव्हणं, येक इचारू?"

"विचारा की."

"तुमच्या त्या राखणदाराला माझी मेलेली सासू गावली. मग रोज त्येच्या म्होरं बसून बटनं दाबणारं तुमी कसं गावला न्हाईसा?"

"आई," सुषमा दबक्या आवाजात म्हणाली, "जावई आहेत ते."

"म्हनून तर इतकी वर्सं गप हुते."

पंगतीत हशा उठला. विलासरावांना ठसका लागला. आणि मला लग्न झाल्यापासून प्रथमच इतकं हलकं वाटलं की मी मागून घेऊन तिसरी जिलेबी खाल्ली.

पण मामींचा प्रश्न रास्त होता. अँटिव्हायरसचं नूतनीकरण मी परवाच केलं. आता तो नेहमी अपडेट असतो, आणि दर शनिवारी मी मामांच्या घरी बसून पूर्ण तपासणी करतो. हिरवी पट्टी सरकत सरकत शेवटाला जाते आणि खूण येते: कोणताही धोका आढळला नाही. मी समोरच बसलेला असतो.